मधल्या ड्रॉवरमधली माणसं

शिक्केबाईंच्या टेबलाला तीन ड्रॉवर होते. वरच्यात शिक्के, शाईचं पॅड, टाचण्या आणि खोकल्याच्या गोळ्या. खालच्यात जेवणाचा डबा, छत्री आणि असू द्यावी म्हणून एक जुनी शाल. मधल्या ड्रॉवरमध्ये माणसं.

ऐकायला विचित्र वाटेल, पण बाई स्वतः तसंच म्हणायच्या. इस्पितळातल्या ट्रॉलीवाल्याने जाता जाता "आज किती?" असं विचारलं की त्या मधल्या ड्रॉवरकडे नजर टाकून हळूच सांगायच्या, "आत अकरा." ट्रॉलीवाला मान हलवून पुढे जायचा. खिडकीसमोरच्या बाकांवर तीच अकरा माणसं पोट धरून, डोकं धरून, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून बसलेली असायची. आपण एका ड्रॉवरमध्ये आहोत हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं.

बाई चोवीस वर्षं त्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत खिडकीवर होत्या. बुटक्या म्हणून खुर्चीवर दोन उशा आणि पायाखाली विटेचा तुकडा. अक्षर मात्र असं, की डॉक्टरांनी खरडलेला कागद बाजूला ठेवून औषधवाला बाईंनी लिहिलेला कागद मागायचा. केसपेपरवर त्या शिक्का मारायच्या, शिक्क्यात तारीख आणि वेळ असायची आणि तिथून पुढे माणूस सरकारीरीत्या आजारी व्हायचा. शिक्का मारताना त्या तोंडाने "हं" असा आवाज काढायच्या. त्यांचा नवरा, बस डेपोतला फिटर, म्हणायचा की ही झोपेत कूस बदलतानाही "हं" करते, कुणाला दाखल करते देव जाणे.

ड्रॉवरची गोष्ट सहा वर्षांपूर्वी सुरू झाली.

वरून हुकूम आला होता की शिक्का लागल्यापासून चार तासांच्या आत कॅज्युअल्टीतला माणूस घरी तरी गेला पाहिजे नाहीतर वरच्या वॉर्डात. जो चार तासांहून जास्त राहील त्याचा आकडा दारातल्या फलकावर लाल दिव्यांत दिसेल, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना. हुकूम वाईट नव्हता. माणसं ताटकळू नयेत एवढंच त्यात होतं. पण हुकमाबरोबर खाट एकही आली नाही. पुढच्या हॉलमध्ये चौदा खाटा, मागच्या खोलीत आठ, तेवढ्याच राहिल्या. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत फलकावर एकोणीस उमटले आणि अधीक्षक साहेबांना वरून असं झापण्यात आलं, की ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर खिडकीशी आल्या. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीस वर्षं त्यांनी रुग्णांच्या उशागती काढली होती. त्या म्हणाल्या, "हे बघ, खाट रिकामी झाल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. तोवर चिठ्ठीवर नाव आणि वेळ लिहून मधल्या ड्रॉवरमध्ये ठेव. रक्त वाहतंय, शुद्ध नाही, लेकराचा श्वास लागलाय, असं असलं तर लगेच आत. बाकीचे बसतील. आपण कुणाला परत पाठवतोय का? नाही ना? मग झालं तर."

"आणि मागच्या खोलीतले? वर खाट मिळेपर्यंत दोन दोन दिवस पडून असतात ते."

"डॉक्टरांनी भरती करा म्हणून लिहिलं की तू 'वर गेला' असा शिक्का मारून मोकळी हो. माणूस काय, जाईल सावकाश."

अशा रीतीने येण्याचा शिक्का उशिरा आणि जाण्याचा शिक्का लवकर पडू लागला. फलकावरचा एकोणीस तीनवर आला, मग शून्यावर. साहेबांचा चेहरा खुलला. वर्षअखेरीला इस्पितळाला एक ढाल मिळाली, ती अजून त्यांच्या टेबलावर आहे. बाईंना तेव्हा काही खुपलं नाही. उलट, आपण एवढ्या मोठ्या कारभाराच्या गुपितात आहोत याचं थोडं भूषणच वाटलं. माणूस असाच फसतो, कुणी विश्वासाने कानात काही सांगितलं की त्याला ते बरोबरही वाटू लागतं.

एक गोष्ट मात्र बाई करत राहिल्या. चिठ्ठ्या टाकवेनात. दिवस संपला की त्या दिवसाच्या चिठ्ठ्यांना टाचणी लावायची आणि हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात भरून घरी न्यायच्या. माळ्यावर खोक्यांची भिंत झाली. नवरा म्हणायचा, "लोक लग्नाच्या पत्रिका जपतात, आमची बाई दुसऱ्यांची दुखणी जपते." त्या हसायच्या. का जपते, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग त्या शिंप्याचे वडील आले.

चार वर्षांपूर्वीची सकाळ. बाजारातला एक तरुण शिंपी वडिलांना घेऊन आला, गळ्यात मापाची टेप तशीच. वडील म्हणाले, छातीत जरा जड वाटतंय, विशेष काही नाही. बाईंनी चिठ्ठी लिहिली, सव्वानऊ. आत एकही खाट रिकामी नव्हती. "बसा बाबा, बोलावते." म्हातारे तिसऱ्या बाकावर टोकाला बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मुलगा दुकान उघडून येतो म्हणून गेला. त्या सकाळी एक बाई भिंतीवर डोकं आपटत होती, दोन भाऊ एकमेकांची गचांडी धरून आले होते, एक गाडीवाला आरडाओरडा करून सगळ्यांच्या आधी आत शिरला. म्हातारे गप्प बसून होते. ड्रॉवर मुळात अशाच गप्प बसणाऱ्यांचा होता. ओरडणाऱ्याला त्यात कधी राहावंच लागत नसे.

बारा वाजता बाईंनी नाव पुकारलं. म्हाताऱ्यांनी ओ दिली नाही. ट्रॉलीवाल्याने खांद्याला हात लावला तर पिशवी खाली पडली.

मोठ्या सिस्टर धावत आल्या, बघितलं आणि क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आत्ताचाच शिक्का मार. 'मृतावस्थेत आणले' असं लिही." बाईंनी लिहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

शिंपी दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "मी स्वतः त्यांना सव्वानऊला इथं बसवून गेलो होतो. मग आणलं तेव्हाच गेले होते असं कसं लिहिलंय, मावशी?"

बाई म्हणाल्या, "नोंदीत जे आहे ते आहे, दादा."

त्याने गळ्यातली टेप गुंडाळून खिशात घातली. मग गेला. बाईंना त्या दिवशी डबा उघडवला नाही. ती सव्वानऊची चिठ्ठी त्यांनी खोक्यात टाकली नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चार वर्षांत दोनदा पर्स बदलली तरी चिठ्ठी जुन्यातून नव्यात गेली. मोठ्या सिस्टर त्याच वर्षी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी बाईंना मिठी मारली आणि त्या विषयाबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

आता यंदाचं. साहेबांना तपासणीचं एक मोठं यंत्र मंजूर झालं आणि त्याला जागा हवी होती. त्याच सुमाराला वरून एक मुलगी पाठवण्यात आली, तिशीची, पाठीवर सॅक, सदान्‌कदा लॅपटॉप उघडा. कॅज्युअल्टीत किती खाटा लागतात याचा तिने हिशोब करायचा होता. कुठल्या तासाला किती माणसं येतात, प्रत्येक जण किती वेळ राहतो, गर्दीच्या वेळेसाठी किती जागा मोकळी ठेवावी लागते. तिला सगळे आकडेवाली म्हणू लागले. मुलगी कष्टाळू होती आणि नम्र होती. त्यामुळे बाईंना तिची जास्तच भीती वाटायची.

पहिल्या आठवड्यात ती खिडकीशी येऊन हसत म्हणाली, "मावशी, मी अकरा इस्पितळं पाहिली. सगळीकडे सकाळी दहा ते एक नुसता डोंगर असतो. तुमच्याकडे सपाट रेघ. इथली माणसं रांगेत उभी राहून आजारी पडतात की काय?"

बाई कसनुसं हसल्या.

आकडेवालीने मागे वळून बाकांकडे पाहिलं. बाक गच्च भरले होते. "हे सगळे कोण मग?"

ड्रॉवरमध्ये त्या घटकेला चौदा चिठ्ठ्या होत्या. समोर अधीक्षकांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाईंच्या तोंडून शब्द असा सहज गेला, जसा काही तो जिभेवर तयारच होता. "नातेवाईक."

"आणि मागच्या खोलीतले आठ जण?"

"ते वरच्या वॉर्डातले. जातील दहा मिनिटांत."

मुलीने दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. विश्वास ठेवला बिचारीने. चोवीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईवर नाही ठेवायचा तर कुणावर?

महिन्याभराने ट्रॉलीवाल्याने बातमी आणली. "बाई, त्या यंत्रासाठी मागची खोली जाणार. सुतार येऊन माप घेऊन गेला. आकडे म्हणे सांगतात की चौदा खाटा पुरतात, वर दोन शिल्लक. आठ खाटांवर कधी कुणी झोपतच नाही कागदावर."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. त्या उठून मागच्या खोलीच्या दारात गेल्या. आठही खाटा भरलेल्या होत्या. खिडकीजवळची एक आजी परवापासून तिथे होती. कागदावर ती परवाच वर गेली होती. आजीने त्यांना पाहून विचारलं, "माझा नंबर लागला का गं?" बाई म्हणाल्या, "लागेल हं," आणि परत येऊन बसल्या. भिंतीवर पेन्सिलीने सुताराने खुणा केल्या होत्या. त्या खुणा त्यांना दिवसभर दिसत राहिल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, शिंप्याच्या वडिलांसकट. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याने पाना पुसता पुसता ऐकून घेतलं.

"ब्रेक लागत नसताना गाडी ठीक आहे म्हणून सही केली तर आमच्याकडे काय करतात माहितीय?" तो म्हणाला.

"माहितीय."

"मग मला काय विचारतेस?"

"नोकरी जाईल माझी. दीड वर्ष राहिलंय."

त्याने पाना खाली ठेवला. मग स्टूल ओढून माळ्यावर चढला आणि एकेक खोकं खाली देऊ लागला.

आकडेवालीला बाईंनी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या खोलीत बोलावलं आणि खोकी तिच्यासमोर ठेवली. मुलीला आधी काही समजलंच नाही. मग तिने जमिनीवर फतकल मारली, एका महिन्याच्या चिठ्ठ्या तासांप्रमाणे मांडल्या आणि मांडता मांडता तिचा चेहरा उतरत गेला. दहाच्या ढिगाऱ्याची उंची नऊच्या दुप्पट. अकराचा ढिगारा घसरून बाराच्या अंगावर पडला. सपाट रेघेखाली गाडलेला डोंगर तिच्यासमोर फरशीवर उभा राहिला.

"चौदा नाही," ती म्हणाली. "बावीसही नाही पुरत. तीस लागतील. मावशी, मी खोली बंद करायला सांगितलंय."

"म्हणून तर आलेय मी."

"तुम्ही मला नातेवाईक म्हणालात."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं, आणि रडण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं.

दोघी खोकी घेऊन तशाच साहेबांकडे गेल्या. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोघींना बसवलं, चहा मागवला, दोन खोकी उघडून पाहिली. एक चिठ्ठी उजेडात धरली.

"यावर शिक्का कुठंय?"

"शिक्का नाहीये, साहेब. म्हणूनच तर—"

"मग हा कागद आहे, नोंद नाही." त्यांनी चिठ्ठी परत ठेवली. "शिक्केबाई, तुम्ही सहा वर्षं चुकीच्या वेळा घातल्यात असं तुम्हीच म्हणताय. तुमच्या अक्षरात. मी तर असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. मोठ्या सिस्टर आता गावाला असतात, तब्येत बरी नसते त्यांची. यात एखादा मृत्यूही असेल. उघडायचं आहे का हे सगळं?" मग मुलीकडे वळून अगदी प्रेमाने, "तुमचा अहवाल उत्तम झालाय. वर पोचलाही. सोमवारी काम सुरू होतंय. खोकी इथंच राहू द्या, सांभाळून ठेवतो मी."

मुलगी खूप बोलली. नवा अहवाल पाठवते म्हणाली, भांडते म्हणाली. साहेब मान डोलावत राहिले. पंख्याच्या वाऱ्याने उघड्या खोक्यातल्या चिठ्ठ्या फडफडत होत्या. बाहेर पडताना बाईंनी मागे पाहिलं, तर साहेब खोकी कपाटात ठेवून किल्ली फिरवत होते.

सोमवारी आठ खाटा व्हरांड्यात आल्या आणि दुपारपर्यंत गोदामात गेल्या. ज्यांना वर जागा नव्हती त्यांना हॉलमध्ये, मग दोन खाटांच्या मध्ये, मग औषधांच्या कपाटासमोर ट्रॉलीवर ठेवलं. मागच्या खोलीतली ती आजी ट्रॉलीवर जिन्याखाली होती. मागच्या खोलीच्या दारावर फळ्या ठोकल्या गेल्या आणि आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला. कागदावर वर गेलेल्यांना ठेवायला मागची खोली नसल्याने हॉलमधली एकही खाट सुटेना आणि खाट सुटेना म्हणून शिक्का पडेना. दहा वाजता मधल्या ड्रॉवरमध्ये बावीस चिठ्ठ्या होत्या. इतक्या कधीच नव्हत्या. बाईंनी ड्रॉवर लोटला तर तो नीट लागेना.

मंगळवारी सकाळी त्यांनी तो उघडलाच नाही. पॅडवर ताजी शाई घातली आणि पहिला माणूस खिडकीशी आला त्या मिनिटाचा शिक्का मारला. हं. दुसऱ्याला मारला. हं. सगळ्यांना. बारा वाजत आले तेव्हा मागच्या खोलीतून ज्यांना जिन्याखाली आणि कपाटासमोर ठेवलं होतं त्यांचे 'वर गेला' खोडून त्यांनी बाजूला सही केली. बारानंतर फलक जागा झाला. चार. नऊ. सतरा. एक वाजता एकतीस. येणारे लोक मान वर करून पाहू लागले.

फोन वाजला. साहेब होते. "शिक्केबाई, घड्याळ बिघडलंय का तुमचं?"

"नाही साहेब. सहा वर्षांनी आज बरोबर चाललंय."

साहेबांनी आवाज खाली आणला. "उद्यापासून त्या खिडकीवर दुसरं कुणीतरी येईल."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना भीती वाटली नाही याचंच नवल वाटलं. ती वाटली पाच मिनिटांनी.

रांगेतला पुढचा माणूस खिडकीशी आला तेव्हा त्याच्या गळ्यात मापाची टेप होती. दोन्ही कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने आईला दंडाला धरून आणलं होतं, आणि त्या माऊलीने पदराआडून हसून सांगितलं, "काही नाही हो, जरा जड वाटतंय छातीत. हा उगाच घाबरतो."

शिंप्याने बाईंना ओळखलं. केसपेपर लिहून होईपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत राहिला. बाईंनी शिक्का उचलला, घड्याळाकडे पाहिलं आणि मारला. एक वाजून अकरा मिनिटं.

"या वेळी हीच वेळ राहील ना?" त्याने विचारलं.

बाईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातली चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती. त्यांनी ती केसपेपरवर ठेवून खिडकीतून पुढे सरकवली. वडिलांचं नाव, तारीख, सव्वानऊ. शिंप्याने ती वाचली. पुन्हा वाचली.

"तुमचं खरं होतं," बाई म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं. कुठंही सांगा, मी येऊन सांगेन."

त्याने चिठ्ठी घडीवर जपून मिटली. मागे त्याची आई स्वतःच जाऊन बसली होती, तिसऱ्या बाकावर, टोकाला. पिशवी मांडीवर. कुणाला त्रास नको म्हणून अंग चोरून. कपाळावर घाम आला होता आणि ती तो पदराने टिपत होती.

चोवीस वर्षांत बाई रांग उभी असताना खिडकी सोडून कधी बाहेर आल्या नव्हत्या. आल्या. बाकापाशी गेल्या, मनगट धरलं, आणि ज्या आवाजाने त्यांनी आजवर फक्त नावं पुकारली होती त्या आवाजात ओरडल्या, "इकडे या! आधी इकडे या कुणीतरी! ही बाई बोलत नाहीये म्हणून ती बरी आहे असं समजू नका!"

हॉलमधून एक डॉक्टर बाहेर डोकावला. ट्रॉलीवाला धावत ट्रॉली घेऊन आला आणि शिंप्याने आईला उचलून तिच्यावर ठेवलं. डॉक्टरने कानाला नळी लावली, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "हृदयाचं यंत्र लावायला हवं, आत घ्या, लगेच!"

ट्रॉलीवाल्याने ट्रॉली फिरवली. हॉलच्या दारात एक ट्रॉली आडवी होती, तिच्यामागे दुसरी, दोघांचीही माणसं सलाईनवर. उजवीकडे कपाट. डावीकडे जिन्याखालची आजी. सवयीने त्याने ट्रॉली मागच्या खोलीकडे वळवली आणि फळ्या ठोकलेल्या दारापाशी येऊन थांबला. आत ड्रिल चालू होतं.

"बाई," तो मागे वळून म्हणाला, "हिला लावू कुठं?"